बांधावरचा पाला आपणच निवडू
(उन्हाळी शिबिरात केलेले भाषण)



आज जमिनीबद्दलच बोलायचं आहे, पण सुरुवात बकरीपासून करतो. गेल्या वैशाखात आमच्या पाड्यातल्या दोन बकऱ्या गार्डने कोंडवाड्यात घातल्या. सोडवायला घरात ठेवलेली तूर विकावी लागली. जनावर कोंडायचा कायदा 1871 चा, इंग्रजांनी केलेला. इंग्रज गेले, कायदा राहिला. त्याच्याशी आपली लढाई चालूच आहे. पण होळीनंतर गवत संपतं, ते दरवर्षीच संपतं. तेव्हा बकरीला पाला कुठून आणायचा, हाही आपलाच प्रश्न आहे.

पाला आपल्या नेवाडाच्या बांधावर होऊ शकतो. हे म्हटलं की पाड्यातली माणसं विचारतात, "झाडं लावली तर साहेब म्हणतील हे जंगल आहे, शेत नाही. मग?" ही भीती खोटी नाही. आपल्या पेरलेल्या शेतात खड्डे खणून रोपं लावलेली आपण डोळ्यांनी पाहिली. म्हणून आपलं ठरलेलं असावं: झाड बांधावरच, एका ओळीत, कंबरेएवढं छाटलेलं. मधे ज्वारी, तूर, उडीद. बघणाऱ्याला शेतच दिसलं पाहिजे.

आता कोणतं लावायचं? नर्सरीत विचारलं की सगळ्यांना एकच उत्तर, सुबाभूळ. सुबाभूळ वाईट नाही. लवकर वाढते, छाटली की पुन्हा फुटते, बकरी आवडीने खाते. पण नुसती तीच घालू नका. तीन वाटे चाऱ्यात एक वाटा पुरे. घोड्या-गाढवाला तर नकोच, केस झडतात. शेंगा पिकू दिल्या तर बी पडून शेतभर रोपं उगवतात, मग निंदणी बायांच्याच माथी.

गिरिपुष्प, ज्याला उंदीरमारी म्हणतात, ते फांदी खोचली तरी लागतं. ओल्या पाल्याला वास येतो म्हणून बकरी तोंड लावत नाही. हा त्याचा गुणच समजा. मोकाट जनावरातही कुंपण टिकतं. पाला तोडून एक रात्र सुकवला की हळूहळू खायला लागतात. उरलेला शेतात गाडा, खत होतं.

शेवरी झटपट वाढते, पण तिला ओल लागते आणि ती थोड्या वर्षांत मरते. नाल्याकाठच्या शेताला ती बरी, वरच्या मुरमाड उताराला नको. तिथे आपली बोर आहे. पाला बकरीला, काटे कुंपणाला, बोरं पोरांना. अंजन पहिली काही वर्षं वाढतच नाही असं वाटतं, कारण ते आधी मूळ खाली घालतं. पण एकदा धरलं की दुष्काळातही पाला देतं. म्हाताऱ्यांना हे सगळं माहीत आहे. आधी त्यांना विचारा.

एक गोष्ट लपवत नाही. कोरड्या जमिनीत झुडूप पिकाचं पाणी ओढतं. म्हणून बांध आणि पीक यांच्यामधे हातभर खोल चर खणा, दरवर्षी साफ करा. मुळं तुटतात, पावसाचं पाणीही अडतं. पहिलं वर्ष छाटू नका, काट्यांनी झाका. आणि एकट्याने लावून उपयोग नाही. शेजाऱ्याची बकरी मोकळी असेल तर तुमचं रोप राहणार नाही. पाड्याने बसून ठरवलं पाहिजे की पीक निघाल्यावरही रोपाच्या बांधावर कुणी जनावर सोडायचं नाही. या बैठकीत बाया हव्यातच. पाल्याचा भारा डोक्यावरून त्याच आणतात, कोणता पाला जनावर खातं ते त्यांना ठाऊक.

मृगाच्या आत प्रत्येक पाड्याने एवढं करावं: कुणाच्या बांधावर काय लावायचं ते वहीत लिहावं, सगळ्यांनी सही-अंगठा करावा. उद्या कुणी विचारलं ही ओळ कुणी लावली, तर वही दाखवू. जमीन आम्ही कसतो, बांधही आम्हीच राखतो.

जिंदाबाद!