शेवाळाखालचा बास

फ्लोरिडातलं ओकीचोबी सरोवर सुमारे १,९०० चौरस किलोमीटर पसरलेलं, पण सरासरी खोली तीन मीटरही नाही. अशा उथळ पाण्यात पाणवनस्पती माजतात. त्यातली हायड्रिला आपल्या तळ्यांतही आढळते. तिकडे ती १९५०च्या दशकात मत्स्यालयांच्या व्यापारातून शिरली.

या गचपणाखाली लार्जमाउथ बास हा मासा सावलीत दबा धरून बसतो. साधा गळ इथे लगेच अडकतो. म्हणून आमिषाला पोकळ रबरी बेडूक वापरतात. त्याचे दोन्ही आकडे पाठीला चिकटलेले, त्यामुळे तो शेवाळावरून अलगद सरकतो. माशाने जबडा मिटला की रबर दबतं आणि आकडे उघडे पडतात. पाणी उसळताच हिसका देणं हा नवख्यांचा हमखास घोटाळा. दोरी ताणली जाईपर्यंत थांबायचं. दोरी विणलेलीच हवी, ती झाडोरा कापत येते. तरी मासा बऱ्याचदा ओंजळभर पाल्यासकटच होडीत येतो!