आपाचं रक्त

"सारखं रक्त काढून माणसात उरणार तरी काय?" हा माझ्या थोरल्या बहिणीचा, आपाचा, सवाल. तिच्या पायाच्या हाडात जंतुसंसर्ग झाला होता. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी लिनेझोलिड या अँटिबायोटिकच्या गोळ्या ६ आठवड्यांसाठी दिल्या आणि दर आठवड्याला रक्त तपासायला बजावलं. पहिली तपासणी ठीक निघाली. पुढच्या दोन आम्ही चुकवल्या. "राहू दे, आधीच अशक्त झालीय," असं म्हणणारा मीच होतो.

चौथ्या आठवड्यात दात घासताना तिच्या हिरड्यांतून रक्त आलं. नडग्यांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उठले. तपासलं, तर प्लेटलेट अवघ्या ३८ हजार. त्या किमान दीड लाख हव्यात.

मी कवी, बी.ए. झालेला माणूस. डॉक्टरांनी मला समजेल असं सांगितलं. आपलं रक्त हाडांच्या आतल्या मज्जेत तयार होतं. तिथं दर सेकंदाला २० लाखांवर तांबड्या पेशी जन्म घेतात. लिनेझोलिड जंतूंचा प्रथिनं बनवण्याचा कारखाना बंद पाडतं. पण आपल्या पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियातही जवळपास तसाच कारखाना असतो. औषध फार दिवस चाललं की त्यालाही झळ लागते. मज्जेचं काम अखंड चालणारं, म्हणून तिथं ती लवकर जाणवते. धोका वाढतो तो २ आठवड्यांनंतर.

हे दुखणं जुनंच आहे. माझ्या लहानपणी टायफॉइडला क्लोरॅम्फेनिकॉलच्या कॅप्सूल मिळत. व्हेनेझुएलाच्या मातीतल्या जिवाणूपासून १९४७ साली मिळालेलं हे औषध १९४९ मध्ये बाजारात आलं आणि त्यानं असंख्य जीव वाचवले. पण काही रुग्णांची मज्जा कायमची सुकली. साधारण २५ ते ४० हजारांत एकाची. १९५२ मध्ये अमेरिकेत त्याच्या वेष्टनावर धोक्याची सूचना छापावी लागली. हा प्रकार औषध थांबवल्यावरही उलटत नसे, कधी कधी तर काही महिन्यांनी उद्भवे. आपाचं नशीब बरं. तिच्या गोळ्यांचा परिणाम बहुधा औषध थांबवल्यावर ओसरतो.

डॉक्टरांनी औषध बदललं. दोन आठवड्यांत प्लेटलेट पूर्ववत झाल्या.

मित्रहो, हे ऐकून कुणी आपल्या गोळ्या मनानं बंद करू नका. ४-५ दिवसांच्या नेहमीच्या औषधानं सहसा असं होत नाही. औषधाला प्रतिसाद न देणाऱ्या क्षयरोगात तर लिनेझोलिड महिनोन् महिने घ्यावं लागतं, आणि ते जीव वाचवतं. फक्त सांगितलेली तपासणी चुकवू नका. हिरड्यांतून रक्त, अंगावर लाल ठिपके, न उतरणारा ताप, चढता थकवा, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

तपासणीला २-३ मिलिलिटर रक्त लागतं. अंगात असतं जवळपास ५ लिटर. हा हिशेब मी आपाला वेळेवर सांगायला हवा होता. आता दर तपासणीला तीच माझ्याआधी चपला घालून दारात उभी असते.