टपालानं आलेली सही

मी नांदूरघाटहून बोलतेय. आज बचतीचा विषय नाही, पिकाचाही नाही. आज लेकरांच्या एका नादाविषयी बोलायचंय: टपालानं सह्या गोळा करायचा नाद.

अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे. तिथं खेळाडूंच्या फोटोची, खेळायच्या पत्त्याएवढी कार्डं मिळतात. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी ती सिगारेटच्या पाकिटात यायची, पुढं च्युइंगमसोबत येऊ लागली. आपल्याकडंही च्युइंगमच्या पुडीत क्रिकेटवाल्यांची चित्रं निघायची, आठवतंय का? तिथले शौकीन ते कार्ड खेळाडूला टपालानं पाठवतात. सोबत आपला पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं दुसरं पाकीट ठेवतात. खेळाडू सही करतो आणि त्याच पाकिटातून कार्ड परत धाडतो.

सहीचं वेड आपल्याकडंही जुनंच. गांधीजी तर सहीचे 5 रुपये घ्यायचे आणि ते हरिजन निधीला द्यायचे.

माझ्या पुतणीला हे मी सांगितलं. तिचे आईबाप दिवाळीनंतर कोयत्यावर जातात, ती इथं आजीजवळ राहते. तिनं वर्तमानपत्रातला एका महिला खेळाडूचा फोटो कापून पुठ्ठ्यावर चिकटवला आणि पाठवून दिला. दोन महिने झाले, काहीच नाही. मग लक्षात आलं, परतीचं पाकीट ठेवायचंच राहिलं होतं!

दुसऱ्यांदा सगळं नीट केलं. चार ओळींचं पत्र: मी कोण, कुठली, तुमचा कोणता सामना पाहिला, आणि शेवटी "कृपया सही द्या". परतीच्या पाकिटावर स्वतःचं नाव, गाव, तालुका, जिल्हा, पिनकोड. साध्या पत्राला 5 रुपयांचं तिकीट लागतं, म्हणजे दोन्ही मिळून 10 रुपये. पत्ता खेळाडूच्या घरचा शोधू नये, खेळाच्या संघटनेच्या कार्यालयाचा घालावा. आणि घरातली एकुलती एक जपलेली वस्तू कधी पाठवू नये. परत येईलच असं नसतं.

संक्रांतीनंतर पोस्टमननं दारात हाक मारली, ती तिच्या नावानं. आमच्या घरात टपाल यायचं ते बँकेचं, नाहीतर पुरुषाच्या नावचं. आजी पाकीट पाहून म्हणाली, "अगं, हे तर तुझंच अक्षर! तूच तुला पत्र धाडलंस व्हय?" फोडलं तर आत तोच पुठ्ठा, त्यावर निळ्या शाईची सही.

आजी कितीतरी वेळ त्या सहीकडं बघत बसली. मग हळूच म्हणाली, "मला शिकव." तिनं आजवर अंगठाच दिला होता. उचल घेताना मुकादमाच्या कागदावरही अंगठाच. त्यात काय लिहिलंय, हे तिला कुणी कधी वाचून दाखवलं नाही.

महिनाभर रोज रात्री पाटी घेऊन दोघी बसल्या. मागच्या बैठकीत आजीनं गटाच्या वहीत सही केली. अक्षरं वाकडी आहेत, रेघ सोडून खाली उतरतात, पण नाव तिचं आहे. पुतणी तिला एक गोष्ट बजावते, तीच मी तुम्हाला सांगते: कोऱ्या कागदावर सही करायची नाही, आणि वाचून घेतल्याशिवाय कुठंच करायची नाही.

आपल्या जिल्ह्यातही पत्र लिहावं अशी माणसं आहेत. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे, 2023 च्या आशियाई स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेसचं सुवर्ण जिंकणारा. बीडचा सचिन धस, 2024 च्या 19 वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात 96 धावा करणारा. उत्तर येईल, न येईल. पण पत्र लिहिताना लेकरू आपलं नाव आणि पत्ता शुद्ध लिहायला शिकतं.

पुतणीनं आता एक वही केलीय. पहिल्या पानावर खेळाडूची सही चिकटवलीय, दुसऱ्या पानावर आजीची सही घेतलीय. तिसरं पान तिनं आईसाठी ठेवलंय. पाडव्याला आई गावी येईल, तेव्हा ते भरायचंय.

येते मी. नमस्कार.