आपला किनारा आपण पाहावा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



अहवालवाचन आणि बक्षीससमारंभ यांच्या मधल्या वेळात बोलणाऱ्या बाईने आटोपशीर बोलावे, हा आपल्या मंडळाचा अलिखित नियम आहे. तो मी पाळीन. चिटणीसबाईंनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हटले, "आपलीच मुंबई, आणि तिचा समुद्रकिनारा." त्या हसून म्हणाल्या, "मुंबईत काय सांगायचे? आपण इथेच तर राहतो!" मला बोलायचे आहे ते नेमके याबद्दलच.

आपण इथे राहतो, पण पाहतो का? गावाहून नणंद-भावजय आली की आपण तिला गेटवे दाखवतो, राणीची बाग दाखवतो, मुलांना म्हातारीच्या बुटात चढवतो. पाहुणी गाडीत बसली की आपले पाहणे संपले. मग पुन्हा नळाची वेळ, डब्याची वेळ, मुलांच्या शाळेची वेळ. गिरगावात राहून चौपाटीला वर्षभरात एकदा, म्हणजे गणपती विसर्जनालाच जाणाऱ्या किती जणी या सभागृहात आहेत, हे मी हात वर करायला लावून विचारणार नाही. समजून घेते.

भगिनींनो, या शहराची गोष्टच मुळी एका लग्नापासून सांगतात. इंग्लंडचा राजा दुसरा चार्लस आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन यांच्या विवाहाचा करार १६६१ साली झाला, आणि त्या करारात मुंबईचे बेट हुंड्यात दिले गेले. राजाला या दूरच्या बेटाचे फारसे कौतुक नव्हते. १६६८ साली त्याने ते ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला अवघ्या दहा पौंडांच्या भाड्याने देऊन टाकले. जिच्या लग्नात हे बेट दिले, त्या कॅथरीनने ते जन्मात कधी डोळ्यांनी पाहिले नाही. तिला ते शक्य नव्हते. आपल्याला तर चपला घातल्या की दहा मिनिटांत समुद्र आहे!

पण त्या करारापूर्वीही मुंबई होतीच. येथे कोळी होते, त्यांची मुंबादेवी होती, आणि कुलाब्यापासून माहीमपर्यंत सात बेटांच्या मधून भरतीचे पाणी खेळत होते. आज आपण सपाट रस्त्याने चालतो, त्यातला पुष्कळसा भाग भराव घालून समुद्रातून काढलेला आहे. म्हणून मुंबई समजून घ्यायची तर किनाऱ्यानेच चालले पाहिजे.

आरंभ आपल्या दारापासून करू. चौपाटीवर लोकमान्यांचा पुतळा आहे. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य गेले आणि त्यांच्यावर अंत्यसंस्कार याच वाळूत झाले, हे आपल्याला ठाऊक असते. पण १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात मुंबईच्या समुद्रकिनारी कायदा मोडून मीठ तयार करण्यासाठी जी सात जणांची पहिली तुकडी निवडली, तिच्यात दोन स्त्रिया होत्या, हे आपल्यापैकी कितींना ठाऊक आहे? एक कमलादेवी चट्टोपाध्याय आणि दुसऱ्या अवंतिकाबाई गोखले. अवंतिकाबाई तर आपल्या गिरगावच्याच. १९१८ साली त्यांनी येथे हिंद महिला समाजाची स्थापना केली, आणि त्याच वर्षी गांधीजींचे मराठी चरित्र लिहिले. त्याला लोकमान्यांची प्रस्तावना आहे. त्यांच्या नावाच्या रस्त्याने आपण भाजीला जातो. पाटीवरचे नाव वाचतो, आणि मेथीची जुडी कितीला म्हणून विचारतो.

त्याच चौपाटीवर समुद्राकडे तोंड केलेल्या एका इमारतीतून १९४२ साली उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. उषाबाई तेव्हा बावीस वर्षांच्या, शिकत असलेल्या मुलगी होत्या. पोलिसांना माग लागू नये म्हणून जागा सारख्या बदलाव्या लागत. अखेर नोव्हेंबरात त्या पकडल्या गेल्या, त्यांनी तुरुंगवास भोगला, पण सोबत्यांची नावे सांगितली नाहीत. जवळच गवालिया टँकचे मैदान आहे. ९ ऑगस्ट १९४२ रोजी सारे मोठे पुढारी पहाटेच पकडले गेले असता अरुणा असफ अली यांनी तेथे तिरंगा फडकवला. तेव्हा आपल्या घरापासून अर्ध्या तासाच्या फेरीत एवढा इतिहास आहे, आणि तो बायकांनी घडवलेला आहे.

दुसरी फेरी बाणगंगेची. मलबार हिलच्या उंच इमारतींच्या पायथ्याशी दगडी पायऱ्यांचे हे तळे आहे. समुद्र हाकेच्या अंतरावर, पण पाणी गोडे, कारण ते जमिनीतल्या झऱ्याचे. तहानलेल्या रामचंद्रांसाठी बाण मारून हे पाणी काढले, अशी कथा आहे. रामाने वाळूचे लिंग करून पुजले म्हणून वाळुकेश्वर. मूळचे देऊळ शिलाहारांच्या काळचे मानतात. ते पोर्तुगीजांच्या अमदानीत गेले, आणि १७१५ च्या सुमारास रामा कामत या सारस्वत व्यापाऱ्याने ते पुन्हा बांधले. तळ्याभोवती धर्मशाळा आहेत, दीपमाळा आहेत, लहानमोठी देवळे आहेत. गाडीचा आवाज तेथे पोचत नाही. सकाळी सातला जाऊन पायरीवर नुसते बसून यावे. घरी कोणी विचारले तर "देवाला गेले होते" असे सांगता येते, आणि ते खोटेही नव्हे.

तिसरी फेरी महालक्ष्मीपासून माहीमपर्यंत. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामध्ये पूर्वी मोठे खिंडार होते. भरतीचे पाणी त्यातून आत शिरून भायखळ्यापर्यंतचा सखल भाग बुडवीत असे. अठराव्या शतकाच्या अखेरीस गव्हर्नर हॉर्नबी याच्या काळात तेथे बांध घातला. तो बांध वारंवार ढासळत होता. मग रामजी शिवजी या प्रभू गृहस्थांना देवीने स्वप्नात दृष्टांत दिला, समुद्रातून मूर्ती निघाल्या आणि मग बांध टिकला, असे सांगतात. दृष्टांत मानायचा की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. पण आपण नवरात्रात ज्या रांगेत उभ्या राहतो, ती देवी आणि हे कोरडे शहर यांचा संबंध एवढा जवळचा आहे, हे तरी ठाऊक असावे.

पुढे माहीम. माहीम आणि वांद्रे यांच्यामधली खाडी होडीने ओलांडावी लागे, आणि पावसाळ्यात होड्या बुडून माणसे मरत. सरकार रस्ता बांधायला पैसे काढीना. तेव्हा सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी अवाबाई यांनी आपल्या पैशातून दीड लाखावर रुपये दिले, आणि अट घातली, की या रस्त्यावर जाणाऱ्या-येणाऱ्यांकडून कर घ्यायचा नाही. १८४५ साली तो रस्ता खुला झाला. लेडी जमशेटजी रोड म्हणजे दादर-माहीमची खरेदी, एवढेच आपले गणित. ज्या बाईने गोरगरिबांचे पाय कोरडे राहावेत म्हणून हा खर्च केला, तिला आपण त्या रस्त्यावर कधी मनातल्या मनात नमस्कार केला आहे का?

चौथी फेरी कोटातली. ऑक्टोबर २०२५ पासून गिरगावातच भुयारी मेट्रोचे स्थानक झाले आहे, तेव्हा गुडघ्यांची सबब आता चालायची नाही. हुतात्मा चौकाला उतरावे, संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांच्या स्मारकापुढे क्षणभर थांबावे, आणि चालत ओव्हल मैदानावर यावे. एका हाताला विद्यापीठ आणि हायकोर्टाच्या जुन्या, टोकदार कमानींच्या इमारती, दुसऱ्या हाताला १९३० नंतरच्या गोलसर गच्च्यांची घरे. हाच घरांचा थाट पुढे मरीन ड्राइव्हवरही दिसतो. या दोन्ही तऱ्हांच्या इमारतींना २०१८ साली युनेस्कोने जागतिक वारशात घेतले. मध्ये उभा आहे राजाबाई टॉवर, २८० फूट उंच. प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्याने दोन लाख रुपये दिले आणि त्याला आपल्या आईचे नाव दिले. १८७८ साली तो पुरा झाला. राजाबाईंना दिसत नव्हते, जैन धर्माप्रमाणे सूर्यास्तापूर्वी जेवायचे असे, म्हणून टोल्यांवरून वेळ कळावी ही मुलाची इच्छा, अशी गोष्ट सांगतात. विलायतेत बसून नकाशा काढणारा स्कॉट हिंदुस्थानात कधी आलाच नाही. पण मनोऱ्याला नाव राहिले ते एका आईचे.

तेथून गेटवे. राजा पाचवा जॉर्ज डिसेंबर १९११ मध्ये पालव्याला उतरला, त्याच्या स्मरणार्थ ही कमान. प्रत्यक्षात राजा आला तेव्हा ती बांधलेली नव्हती. ती १९२४ साली पुरी झाली. राजाच्या स्वागताची म्हणून बांधलेल्या या कमानीखालूनच २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश फौजेची अखेरची तुकडी बोटीत चढून निघून गेली. नातवंडांना तेथे उभे करून ही गोष्ट सांगावी. त्यांच्या पुस्तकातला धडा पाठ होईल. पावसाळा सोडून इतर दिवसांत तेथूनच घारापुरीला बोट जाते. तासाभराचा प्रवास. सोमवारी लेणी बंद असतात. डिसेंबर २०२४ मध्ये याच वाटेवर बोटीला मोठा अपघात झाला, तेव्हा लाइफ जॅकेट मागून घ्यावे, लाजू नये. वीस फुटांची ती त्रिमूर्ती पाहिल्यावर पायऱ्या चढल्याचे श्रम राहत नाहीत.

आणि पहाटे उठणे जमेल त्यांनी १८७५ साली सुरू झालेली ससून गोदीही पाहावी. नाक धरून नव्हे! टोपल्या घेऊन लिलावात उभ्या असलेल्या कोळणींचा हिशेब पाहावा. आपल्या दारात मासे घेऊन येणारी मावशी आपण उठण्यापूर्वी अर्धा दिवस काम करून आलेली असते.

आता कोणी म्हणेल, हे सारे पाहून काय मिळणार? पोट भरते का? भगिनींनो, आपल्याला जे ठाऊक असते तेच आपण राखतो. वरळीच्या समुद्रात रस्त्याचा पूल होऊ लागला तेव्हा तेथल्या कोळ्यांनी सांगितले, की खांब इतके जवळ घातले तर भरतीत आमच्या नावा आदळतील. त्यांनी काम अडवले, वर्षानुवर्षे भांडले, आणि २०२३ साली खांबांमधले अंतर ६० मीटरचे १२० मीटर करवून घेतले. हे त्यांना का जमले? तो समुद्र त्यांना हाताच्या रेषांसारखा ठाऊक होता म्हणून. आपल्या बाणगंगेच्या पायऱ्यांवर, आपल्या चौपाटीवर, आपल्या जुन्या वाडीतल्या विहिरीवर उद्या काही बरेवाईट व्हायचे झाले, तर आपण काय सांगणार? ज्या जागेकडे आपण पाहिलेच नाही, तिच्यासाठी बोलायला तोंड कसे उघडणार?

दुसरी गोष्ट अधिक जवळची आहे. आपल्या सुना-मुलींना आपण रांगोळी शिकवतो, पुरणपोळी शिकवतो. त्यांच्या शहरात अवंतिकाबाई होऊन गेल्या, अवाबाई होऊन गेल्या, हे आपण नाही तर कोण सांगणार? चार घटका बाहेर पडणे ही चैन नव्हे. ज्या शहरासाठी आपण राबतो ते डोळे भरून पाहण्याचा आपला हक्क आहे.

म्हणून माझी समितीला विनंती आहे. पावसाळा संपला की महिन्यातून एक शनिवार सकाळ मंडळाने यासाठी राखावी. पहिली फेरी चौपाटीची, कारण तिला भाडे लागत नाही. दर फेरीला एका सभासदाने त्या जागेची माहिती वाचून यावी आणि तिथेच उभे राहून सांगावी. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी एक टॅक्सी करावी. सोबत पाणी, छत्री आणि एक तरी नातवंड आणावे. डबा साधा असावा. खाण्यातच सकाळ जाता कामा नये. घरच्या मंडळींना आदल्या दिवशीच सांगून ठेवावे, की उद्याचा चहा त्यांनी करायचा आहे.

अध्यक्षाबाईंनी घड्याळाकडे पाहिलेले मी पाहिले. पुढच्या वर्धापनदिनी या जागी माझ्याऐवजी चार फेऱ्या केलेल्या चार भगिनींनी उभे राहून आपापली माहिती सांगावी, एवढी इच्छा व्यक्त करते आणि आपली रजा घेते.