खड्डा सगळ्यांचा, हात कुणाचे?

(गृहनिर्माण सोसायट्यांमधल्या महिला मंडळांसमोर केलेल्या भाषणाचा संक्षेप)

मैत्रिणींनो, बागेतल्या सामाईक खतपेटीविषयी बोला, असं मला सांगितलं आहे. तर आधी पेटीचंच बोलू. एक बादली ओला कचरा, त्यावर दोन बादल्या वाळका पाला. ओल पिळलेल्या फडक्याइतकी. आठवड्यातून एकदा खालीवर केलं की हवा खेळते, ढीग पोटातून ५५-६० अंशांपर्यंत तापतो आणि दोन-तीन महिन्यांत मातीचा वास असलेलं खत होतं. पेट्या दोन हव्यात. एक भरत असताना दुसरी मुरते. घाण वास सुटला की सेक्रेटरी म्हणतात, "बंद करा हे." पण पाला कमी पडलेला असतो, नाहीतर कुणी ढवळलेलं नसतं, एवढंच. (पाला झाडून जाळायची आपल्याकडची रीत तर आजच सोडा.)

आता हा 'कुणी' कोण? टाकायला सगळी घरं, ढवळायला कोण? सुरुवातीला मंडळातली एखादी हौसेनं उभी राहते. मग ते तिचंच काम होऊन बसतं, घरच्या स्वयंपाकासारखं, न मोजलेलं. नाहीतर झाडूवाल्या बाईच्या गळ्यात पडतं, पगारात एक रुपयाही न वाढता. कुजलेल्यात हात घालण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक जातींवर लादलं गेलं, आणि त्यांतही बायांवर. आपली हिरवी बाग त्याच वाटेनं उभी राहणार का?

वेगळं घडलेलं आहे. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली ती वेचक हे कामगार आहेत, हे मान्य करून घ्यायला. मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेच्या परिसर विकास कार्यक्रमात कचरा वेचणाऱ्या बाया खत करायला शिकल्या. ढीग तापला की नाही हे हाताला कळणं, हे कसब आहे. कसबाला मजुरी लागते.

आणि त्या हातांना काय काय लागतं? फुटलेली काच, ब्लेड, वापरलेले पॅड. पॅड, डायपर वेगळे गुंडाळून द्यायचे, हे २०१६ च्या केंद्रीय नियमांतच आलं. आपल्याच पाळीचं कापड दुसऱ्या बाईनं उघड्या हातानं उचलायचं, यावर आपण भगिनीभावाच्या गप्पा मारताना गप्प असतो.

म्हणून पेटी आणण्याआधी ठरवा: ढवळण्याची मजुरी मेंटेनन्समधून, हात धुवायला नळ आणि साबण, खतात तिचा वाटा. मजुरी द्यायची नसेल तर घरागणिक पाळी लावा, आणि पाळीच्या तक्त्यावर घरातल्या पुरुषांची नावं लिहा. पुढच्या सभेत हा विषय 'आयत्या वेळचे विषय' मध्ये ढकलू देऊ नका. हातमोजे मात्र सभेची वाट न पाहता आणा.