भिंतीच्या आतली सुरक्षितता



तुरुंगाच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम उभी राहते ती भिंत. ती उंच किती, पहारा कडक आहे की नाही, कोणी पळून तर जाणार नाही ना, एवढीच आपली चौकशी. आत कोंडलेला माणूस आत सुखरूप आहे काय, हे आपण क्वचितच विचारतो; आणि कोणी विचारलेच तर ‘गुन्हेगारांचे एवढे लाड कशाला?’ असे उत्तर तयार असते.

पण गुन्हेगार म्हणायचे कोणाला? २०२२ च्या अखेरीस भारतातल्या तुरुंगांत सुमारे ५,७३,००० माणसे होती आणि जागा होती ४,३६,००० जणांची. त्यांतले शंभरात पंचाहत्तरांहून अधिक कच्चे कैदी, म्हणजे ज्यांच्यावरचा आरोप अजून शाबीत व्हायचा आहे असे.

अशा गर्दीत शिपाई पुरे पडत नाहीत. मग बराकीचा कारभार आपोआप दांडग्या कैद्यांच्या हाती जातो. निजायची जागा, पाण्याची पाळी, जेवणाचा वाटा, सारे त्यांच्या मर्जीवर. आणि शिपायानेच हात उगारला तर दाद मागायची कोणाकडे? जून २०१७ मध्ये मुंबईच्या भायखळा तुरुंगात शिक्षा भोगणारी एक स्त्री मारहाणीनंतर मरण पावली. तुरुंगाच्या सहा कर्मचाऱ्यांवर खुनाचा आरोप आला. भांडणाचे मूळ, फिर्यादीप्रमाणे, काय होते? हिशेबात कमी भरलेली दोन अंडी आणि पाच पाव! दुसऱ्या दिवशी आतल्या बायका गच्चीवर चढून ओरडू लागल्या, तेव्हा कुठे गावाला कळले.

आमच्या मते सुरक्षिततेचे मर्म इथे आहे. आतला आवाज वेळेवर बाहेर आला पाहिजे. तिहार तुरुंगातील सुनील बात्रा या कैद्याने दुसऱ्या एका कैद्याच्या छळाविषयी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना पत्र लिहिले. न्यायालयाने त्या पत्रालाच अर्ज मानले, आणि निकालात तुरुंगांमध्ये तक्रारपेट्या ठेवण्यास सांगितले. पेटीची किल्ली तुरुंगाबाहेरच्या अधिकाऱ्याकडे असावी, हा त्यातला खरा मुद्दा. किल्ली अधीक्षकांच्याच खिशात असेल, तर पेटीत चिठ्ठी टाकायला कोण धजावेल?

२०१५ साली त्याच न्यायालयाने तुरुंगांत कॅमेरे बसवण्याचा आदेश दिला. कॅमेऱ्यांना आमची ना नाही. मात्र ते पाहणारा माणूस तुरुंगाच्याच पगारावरचा असतो, हे विसरू नये.

औंध संस्थानात १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसले. तिथे भिंतच नव्हती. कैदी कुटुंबासह राहून शेती करत. प्रत्येक तुरुंगाचे स्वतंत्रपूर होणार नाही, हे आम्हांस मान्य आहे. पण नियमांत अभ्यागत मंडळाची तरतूद आहे. त्यात न्यायाधीशांबरोबर बिनसरकारी नागरिकही असतात, आणि त्यांना आत जाऊन कैद्यांशी बोलता येते. आपल्या जिल्ह्याच्या मंडळावर आज कोण आहेत, आणि ते शेवटचे आत कधी गेले होते, एवढे या सभेतून उठल्यावर कोणी विचारून घेतले तर बरे होईल.