हॅरिएट विल्सनचा शोध



कादंबरीकार हेन्री जेम्सचं चरित्र लिहायला बसणाऱ्यापुढे त्याची दहा हजारांहून अधिक पत्रं असतात. आज ज्या अमेरिकन कादंबरीकार बाईंविषयी मी बोलणार आहे, त्यांच्या शोधाची सुरुवात एका पुस्तकापासून झाली, आणि त्या पुस्तकावर त्यांचं धड नावही नव्हतं.

'अवर निग' ही कादंबरी १८५९च्या सप्टेंबरात बोस्टनमध्ये छापली गेली. न्यू इंग्लंडमधल्या, म्हणजे गुलामी नसलेल्या उत्तरेतल्या, एका गोऱ्या घरात ही कथा घडते. एका काळ्या मुलीला तिची आई त्या घरात टाकून जाते. मालकीण तिला राबवते, मारते. मुखपृष्ठावर लेखकाच्या नावाच्या जागी 'अवर निग' ही त्या मुलीला घातलेली शिवीच आहे. हक्कनोंदणीत मात्र नाव सापडतं: मिसेस एच. ई. विल्सन. पुढची सव्वाशे वर्षं पुस्तक जवळजवळ विस्मरणात गेलं. ज्यांना ते ठाऊक होतं, त्यांच्यातल्याही काहींनी लेखक गोरा असणार असं धरून टाकलं होतं.

१९८०च्या दशकाच्या आरंभी साहित्याचे अभ्यासक हेन्री लुई गेट्स यांनी हे गृहीतक तपासायला घेतलं. प्रस्तावनेत लेखिकेनं सांगितलं होतं, की स्वतःचं आणि मुलाचं पोट भरावं म्हणून हे लिहिलं आहे. गेट्स त्या मुलाच्या मागावर निघाले आणि त्यांना त्याच्या मृत्यूची नोंद मिळाली. जॉर्ज मेसन विल्सन, वय सात, तापानं मृत्यू, फेब्रुवारी १८६०, वर्ण काळा. पुस्तक निघून सहा महिनेही झाले नव्हते. ज्या लेकराला जगवायला आईनं लेखणी धरली, त्याच्याच मृत्यूच्या कागदानं ती काळी स्त्री होती हे सिद्ध झालं. चरित्रलेखनाच्या इतिहासात यापेक्षा क्रूर पुरावा मला माहीत नाही.

सरकारी कागदावर डोळे मिटून विसंबताही येत नाही. १८५०च्या जनगणनेत न्यू हॅम्पशरमधल्या मिलफर्ड गावी हॅरिएट अ‍ॅडम्स नावाची बावीस वर्षांची तरुणी नोंदलेली आहे. ती हीच, लग्नाआधीची. पण आज तिचं जन्मवर्ष १८२५ मानतात, म्हणजे तेव्हा ती पंचविशीत होती. दुसऱ्याच्या घरी आश्रयाला राहणाऱ्या काळ्या बाईचं वय जनगणनेच्या कारकुनाला कोणी सांगितलं असेल? हा प्रश्न चरित्रकाराने प्रत्येक नोंदीला विचारलाच पाहिजे.

१९९३ साली संशोधक बार्बरा व्हाइट यांनी, लेखिकेच्या स्वतःच्या आयुष्यावर बेतलेल्या कादंबरीतलं ते घर ओळखलं. ते मिलफर्डच्या हेवर्ड कुटुंबाचं होतं, आणि या कुटुंबाचं नातं गुलामगिरीविरुद्ध गाणी गाणाऱ्या प्रसिद्ध हचिन्सन घराण्याशी होतं. गुलामगिरीविरोधी चळवळीच्या लोकांनी या पुस्तकाची दखल का घेतली नाही, याचं उत्तर माझ्या मते बऱ्याच अंशी इथे आहे. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सज्जनांना अर्पण केला. त्या सज्जनांचं मोल मोठंच आहे. पण त्यांच्याच गोतावळ्यातल्या स्वयंपाकघरात एक पोर मार खात होती, हे हॅरिएटनं त्याआधी चौदा वर्षं लिहून ठेवलं होतं.

ती त्या दुःखात संपली, असं बराच काळ मानलं गेलं. मग गॅब्रिएल फोरमन आणि रेजिनाल्ड पिट्स या संशोधकांनी जुनी वर्तमानपत्रं चाळली आणि वेगळीच बाई समोर आली. केसांचं औषध स्वतःच्या नावानं बाटल्यांत भरून विकणारी, नंतर बोस्टनच्या परलोकविद्यावाद्यांच्या, म्हणजे मृतांशी संवाद साधता येतो असं मानणाऱ्यांच्या, सभांतून व्यासपीठावर बोलणारी. त्या पंथाच्या 'बॅनर ऑफ लाइट' या साप्ताहिकात तिच्या भाषणांच्या बातम्या वर्षानुवर्षं छापून येत होत्या. साहित्याचे अभ्यासक तिकडे फिरकलेच नव्हते, कारण असल्या साप्ताहिकांत कादंबरीकार सापडेल असं त्यांना वाटलं नव्हतं. २८ जून १९०० रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या क्विन्सी इथे ती वारली.

तिचं चरित्र वाचण्याआधी तुम्ही तिची कादंबरी वाचा. आणि वाचताना तिच्या शेवटी जोडलेली, लेखिकेची ओळख पटवणारी पत्रं वगळू नका. चरित्रकारांनी पहिले धागे तिथूनच उचलले.